हत्याराची निवड आणि जखमीचा हक्क

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत मनुष्याच्या कृतीचा विचार पुष्कळ असतो. परंतु त्या कृतीचें साधन निवडतांना तो जो विचार करतो, त्याची फारशी दखल तेथें घेतलेली आढळत नाहीं. चाकू केवढा घ्यावा, दोर किती जाड असावा, बंदूक किती मोठ्या नळीची असावी, हे प्रश्न दुकानदाराशीं बोलण्याचे आहेत, तत्त्वचिंतकाशीं नव्हेत, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मतें हा समज बरोबर नाहीं. साधन निवडतांनाच मनुष्यानें पुढील कृतीचा अर्धा निवाडा करून ठेवलेला असतो. आणि तो निवाडा त्यानें घरीं बसून, शांत चित्तानें, कोणतेंही संकट अंगावर आलेलें नसतांना केलेला असल्यामुळें त्याचा बोजा त्याला मागाहून प्रसंगावर ढकलतां येत नाहीं.

हें लिहिण्यास निमित्त झालें तें एका पत्राचें. आमचे एक जुने विद्यार्थी मूळचे मुरबाड तालुक्यांतले. उद्योगानिमित्त ते गेलीं पुष्कळ वर्षें दक्षिण आफ्रिकेंत राहतात. तेथें परवाना काढून शिकार करतां येते. एका परिचिताबरोबर रानरेड्याच्या शिकारीस जाण्याचें त्यांनीं ठरविलें, आणि रायफल कोणती घ्यावी याविषयीं आमचें मत विचारलें. आम्ही शिकारी नव्हे. ढेकणांखेरीज आमच्या हातून प्राणिहत्या झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. परंतु शिकारीचीं पुस्तकें वाचण्याचें आमचें जुनें व्यसन त्यांना ठाऊक आहे. पत्राच्या अखेरीस त्यांनीं सहज म्हणून एक वाक्य लिहिलें होतें: बंदुकीची गोळी म्हणजे काय, हें आपण लहानपणीं प्रथम ऐकलें तें सिद्धगडाच्या पायथ्याशीं, दोन जानेवारीच्या हुतात्म्यांच्या सभेंत. प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्यांना चार दिवसांत पाठविलें. हें शेवटचें वाक्य मात्र मनांतून जाईना.

प्रथम व्यवहाराचें पाहूं. मोठ्या जनावरांसाठीं मुख्यतः दोन जातींच्या रायफली वापरतात. एक दुनळी, तिच्या दोन गोळ्या डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच लागोपाठ सुटतात, परंतु तिची किंमत सामान्य मनुष्याच्या आवांक्याबाहेरची असते. दुसरी बोल्टची. हिचा बोल्ट हातानें मागें ओढला म्हणजे रिकामें कवच बाहेर पडतें, आणि पुढें लोटला म्हणजे खालच्या पेटींतलें नवें काडतूस नळींत जाऊन बसतें. जर्मनींतील पॉल माउझर याची १८९८ सालची रचना ह्या जातीचा आदर्श म्हणून आजही मानली जाते. तिच्यांत एक लांब पोलादी आंकडा असतो. काडतूस पेटींतून वर येतांच तो त्याची कड पकडतो, आणि बार होऊन कवच बाहेर फेंकलें जाईपर्यंत सोडीत नाहीं. त्यामुळें घाबरलेल्या हातांकडून बोल्ट अर्धवट ओढला गेला, तरी काडतूस मध्येंच अडकण्याचें भय कमी होतें. ज्याच्यावर रेडा चालून येत आहे, त्याला ह्या बोटभर आंकड्याची थोरवी समजावून सांगावी लागत नाहीं.

आतां नळीचें माप. रायफलीचें नांव बहुधा ह्या मापावरून, इंचाच्या अंशांत, पडतें. .४१६ रिग्बी हें काडतूस १९११ मध्यें निघालें, .३७५ मॅग्नम हें हॉलंड अँड हॉलंड यांनीं १९१२ मध्यें काढलें, आणि अमेरिकेंतील विंचेस्टर यांचें .४५८ हें १९५६ सालचें. यांच्या प्रचलित गोळ्यांचीं वजनें अनुक्रमें ४१०, ३०० व ५०० ग्रेन असतात. ब्रिटिश फौजेच्या प्रसिद्ध .३०३ रायफलीची गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास होती; .४५८ ची तिच्या जवळजवळ तिप्पट भरते. माणसासाठीं केलेली गोळी आणि रेड्यासाठीं केलेली गोळी यांतलें हें अंतर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें पुढें प्रयोजन आहे.

एवढ्या मोठ्या गोळीचा हव्यास हा शिकाऱ्याच्या बडेजावाचा भाग आहे काय? कांहीं अंशीं आहेच. चार मित्रांस दाखविण्यासाठीं घेतलेल्या बंदुका आम्हीं पाहिल्या आहेत; त्यांच्या दस्त्यावरील नक्षी नळीपेक्षां अधिक झिजलेली असते. परंतु आफ्रिकेंतील अनेक देशांनीं हत्ती, रेडा यांसारख्या जनावरांसाठीं .३७५ हें किमान माप कायद्यानें ठरवून दिलें, तें बडेजावासाठीं नव्हे. हलकी गोळी रेड्याच्या जाड स्नायूंत अडकून राहिली, तर जनावर मरत नाहीं आणि जगतही नाहीं. तें झुडपांत शिरतें, तेथें दिवसचे दिवस कुजतें. अथवा त्या वाटेनें लांकडें गोळा करण्यास निघालेल्या एखाद्या निरपराध बाईवर धांवून जातें. म्हणजे मोठ्या मापाच्या मागें जो विचार आहे, तो जनावराविषयींच्या एका विलक्षण कर्तव्याचा आहे: ज्याला मारावयाचें ठरलें, त्याला मरणाचें आश्वासन तरी पक्कें दिलें पाहिजे.

ह्या विचाराविरुद्ध डब्ल्यू. डी. एम. बेल याचें उदाहरण नेहमीं पुढें केलें जातें. ह्या स्कॉटिश शिकाऱ्यानें आफ्रिकेंत हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य .२७५ सारख्या हलक्या रायफलीनें. कारण हत्तीच्या डोक्याची रचना अभ्यासून नेमका मेंदूचा वेध घेण्याची कला त्याला साधली होती. तेव्हां खरा प्रश्न नेमाचा आहे, नळीचा नव्हे, असें हे लोक म्हणतात. खरें आहे, परंतु कायदा बेलसारख्यांसाठीं करावयाचा नसतो. तो तुमच्याआमच्यासारख्यांसाठीं, म्हणजे घाम फुटलेल्या हातांसाठीं करावयाचा असतो. उलट फार मोठी रायफल घेतली, तर तिच्या धक्क्याच्या धास्तीनें चाप ओढतांना डोळे मिटतात, आणि गोळी पोटांत जाते. म्हणून आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास .३७५ ची बोल्ट-रायफल सुचविली, आणि पहिले तीन महिने तिनें कागदाखेरीज कशाचाही वेध घेऊं नये अशी पुस्ती जोडली. जी रायफल न दचकतां चालवितां येते, तीच आपल्या ताकदीची. तिच्यापुढें एक पाऊल टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेवर जुगार खेळणें होय.

जनावर अर्धवट मारून सोडल्याचें फळ काय होतें, याचें सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळांत २०० आणि कुमाऊंत २३६ माणसें तिनें मारल्याचा हिशोब होता. तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. पूर्वीं कोणाच्या तरी बंदुकीच्या गोळीनें ते तुटले होते, आणि त्यामुळें नैसर्गिक भक्ष्य मारणें तिला अशक्य झालें, असें कॉर्बेट यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. तो अज्ञात नेमबाज त्या दिवशीं घरीं जाऊन जेवला असेल, कदाचित् वाघ थोडक्यांत निसटला म्हणून हळहळलाही असेल. ४३६ चितांचा धूर त्याच्या दारापर्यंत कधीं पोंचला नाहीं.

म्हणून शिकाऱ्यांच्या अलिखित धर्मांत एक नियम सर्वांच्या वरचा मानला गेला: जखमी जनावर सोडून परत येऊं नये. रक्ताच्या थेंबांचा माग काढीत, जिवावर उदार होऊन, त्याच्यापर्यंत जावें आणि दुसरी गोळी घालावी. पहिली गोळी हौसेची असेल, दुसरी कर्तव्याची. शिकारीच्या साऱ्या खटाटोपांत नीतीच्या दृष्टीनें गौरवावें असें जर कांहीं असेल, तर ती ही दुसरी गोळी होय.

येथपर्यंत विचार सरळ चालला. आतां तीच बंदूक माणसाकडे वळवून पाहूं. नळीच्या मापाचा प्रश्न ब्रिटिश सरकारनेंही हिंदुस्थानांत मोठ्या बारकाईनें हाताळला होता. मात्र त्याच्या डोळ्यांसमोर हत्ती नव्हता. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें देशी प्रजेच्या हातांतलें हत्यार परवान्यावांचून बेकायदा ठरलें. लष्करी .३०३ माप खाजगी माणसांस वर्ज्य झालें. पुढें १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या रायफली व काडतुसें यांची आयातही बंद करण्यांत आली. कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली लोकांकडे राहिल्या होत्या, आणि शिकारीच्या काडतुसांतली गोळी त्यांच्या उपयोगीं पडेल असें भय होतें. विलायतेंतील बंदूकवाल्यांनीं मग .४६५, .४७० अशीं नवींनवीं मापें काढलीं. आज शिकारी मंडळी ज्या मापांचीं नांवें भक्तिभावानें घेतात, त्यांतलीं कांहीं अशा रीतीनें हिंदी माणसाच्या भयांतून जन्मास आलेलीं आहेत. सरकारला विचारावयाचें होतें तें एवढेंच कीं, ही गोळी उद्यां कोणाच्या दिशेनें येईल.

युरोपीय राष्ट्रांनीं मात्र आपसांतल्या युद्धासाठीं निराळाच नियम बांधला होता. १८६८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें त्यांनीं असें जाहीर केलें कीं, ४०० ग्रॅमहून कमी वजनाचा स्फोटक गोळा युद्धांत वापरूं नये. त्यामागचें कारण चिंतनीय आहे. युद्धाचा न्याय्य हेतु शत्रूचें बळ मोडणें हा आहे. त्यासाठीं माणूस लढण्यास असमर्थ झाला कीं पुरे. जो असमर्थ झालाच आहे, त्याच्या यातना व्यर्थ वाढविणारें अथवा त्याचें मरण अटळ करणारें हत्यार माणुसकीविरुद्ध होय. पुढें १८९९ मध्यें हेग येथें शरीरांत शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीवर बंदी आली. ही गोळी कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यानें जगाला दिली, आणि तिचें नांवही तेथूनच पडलें.

गंमत पाहा, किंवा गंमत म्हणूं नये. हरणाच्या शिकारीस पसरणारीच गोळी वापरली पाहिजे, न पसरणारी वापरल्यास गुन्हा, असे कायदे आज अनेक देशांत आहेत. जी गोळी माणसावर झाडणें निर्दयपणाचें, तीच हरणावर झाडणें दयेचें! दोन्ही नियम आम्हांस बरोबर वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्या मुळाशीं काय आहे हें पाहणें अगत्याचें आहे. हरणाला शरण येतां येत नाहीं. तें जखमी झालें तर त्याच्यासाठीं रानांत इस्पितळ नाहीं. अर्धी जखम म्हणजे त्याला लांबलेलें मरण. माणसाची गोष्ट उलट. तो हात वर करूं शकतो. त्याची जखम बांधतां येते. त्याला डोलींत घालून नेतां येतें. न्यायासनासमोर उभें करतां येतें. आणि वीस वर्षांनीं तो आपल्या नातवाला त्या जखमेचा व्रण दाखवूं शकतो. जनावरासाठीं निवडलेलें हत्यार असें गृहीत धरतें कीं, गोळी लागल्यानंतर आतां दुसरा मार्ग उरलेला नाहीं. माणसाविरुद्ध उचललेल्या हत्यारानें तो मार्ग मोकळा ठेवला पाहिजे.

हेग येथें ब्रिटिश प्रतिनिधीनें डमडम गोळीचा कैवार घेतांना जो युक्तिवाद केला, तो ह्या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. सुधारलेल्या राष्ट्राचा सैनिक गोळी लागली म्हणजे आपण जखमी झालों हें ओळखून थांबतो; रानटी माणूस थांबत नाहीं, तो तसाच भाला घेऊन पुढें येतो; म्हणून त्याच्यासाठीं ही गोळी हवी, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्याला सरहद्दीवर मारावयाचें, त्याची प्रथम गणना रेड्यांत केली, आणि मग त्याच्यासाठीं रेड्याचें माप काढलें.

आतां सिद्धगड. भीमाशंकरच्या रांगेंतला हा तीन हजार फुटांहून उंच गड मुरबाड तालुक्याच्या हद्दीवर उभा आहे. भोंवतीं घनदाट रान आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना लोक भाई कोतवाल म्हणत, हे १९४२ च्या आंदोलनांत भूमिगत झाले आणि त्यांनीं आझाद दस्ता उभारला. ते त्या वेळीं तीस वर्षांचे होते. तत्पूर्वीं त्यांनीं गरीब शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या होत्या, शाळा चालविल्या होत्या. दस्त्याचें जें काम गाजलें, तें मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडण्याचें. आणि त्याचें मुख्य हत्यार होतें लोखंड कापण्याची करवत. करवतीच्या ह्या निवडीकडे चरित्रकारांनीं जितकें लक्ष द्यावयास हवें होतें, तितकें दिलेलें आम्हांस दिसत नाहीं. मनोरा पडतांना त्याखालीं कोणी सांपडणारच नाहीं अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं, आणि कायद्याच्या दृष्टीनें तो गुन्हाच होता. परंतु करवत निवडणाराच्या डोळ्यांसमोर पोलाद असतें, माणसाची छाती नसते, एवढें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

२ जानेवारी १९४३ च्या पहांटे पोलिसांनीं सिद्धगडाच्या रानांत ह्या मंडळींना गांठलें. गोळीबारांत मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील ठार झाले. भाई कोतवाल जखमी होऊन पडले. आणि पडलेल्या स्थितींत हॉल नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें जवळून गोळी घालून त्यांना मारलें, असें त्या प्रांतांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. दरसाल त्या तारखेस त्या रानांत जे लोक जमतात, ते केवळ दोन तरुण मारले गेले म्हणून जमत नाहींत. बेचाळीस सालीं मारले गेलेले तरुण थोडे नव्हते. लोकांच्या मनांत सलते ती दुसरी गोळी.

येथें कोणी असें म्हणेल कीं, शिकाऱ्याची जी दुसरी गोळी तुम्हीं कर्तव्याची म्हणून गौरविली, तीच ही नव्हे काय? बाहेरून पाहणाराला दोहोंत तिळमात्र फरक दिसणार नाहीं. जमिनीवर पडलेला जीव, जवळ येणारीं पावलें, बोल्टचा आवाज, बार. फरक केवळ एवढाच कीं, सिद्धगडावर दुसरा मार्ग होता. खालीं गांव होतें, गांवांत खाट होती; ठाण्यास तुरुंग होता, कोर्ट होतें; आणि जखमी मनुष्य स्वतः वकील होता. रेड्याच्या बाबतींत जी दया ठरते, ती येथें दया ठरत नाहीं. कारण दयेला येथें निराळें काम करण्यासारखें होतें आणि तें तिला करूं दिलें नाहीं. जखमीचा हक्क म्हणून आम्ही जो म्हणतों, तो हाच: त्याच्या आणि मरणाच्या मध्यें जो मार्ग शिल्लक असेल, तो आधीं चालून पाहिला जावा.

हा हक्क मनुष्य श्रेष्ठ म्हणून त्याला मिळतो असें आमचें म्हणणें नाहीं. तो मार्ग असल्यामुळें मिळतो. आणि मार्ग उघडला, तर जनावरालाही मिळाला पाहिजे. आज आपल्या देशांत हौसेच्या शिकारीचा प्रश्न उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांत १९९१ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें ती संपुष्टांत आली. ज्या सिद्धगडाच्या रानांत माणसाची पारध झाली, तें १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यांत आहे, आणि तेथें शेकरूवर दगड मारणें हाही गुन्हा होईल. माळशेज घाट चढून पलीकडे जुन्नरास गेलें, तर माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. पिंजऱ्यांत सांपडलेले, विहिरींत पडलेले, जखमी झालेले बिबटे तेथें ठेवतात, त्यांच्यावर औषधोपचार करतात. बंदुकीनें गोळीऐवजीं भूल देणारी सुई मारतां येते. ज्या दिवशीं अशी सुई निघाली, त्या दिवशीं मोठ्या नळीच्या रायफलीचा दयेचा दावा पुष्कळ अंशीं दुबळा झाला. आफ्रिकेंत परवाना काढून रेड्याच्या मागें जाणाऱ्यास हें ऐकून बरें वाटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. त्याची पहिली गोळीच अनावश्यक आहे असें कोणी म्हटलें, तर त्याला देण्यासारखें उत्तर आमच्याजवळ नाहीं. पहिली गोळी झाडल्यावर काय करावें, एवढेंच आम्हीं त्याला सांगितलें.

कायद्यांत एक दार मात्र उघडें ठेविलें आहे: माणसाच्या जिवास धोका झालेलें जनावर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हुकुमानें मारतां येतें. आणि मोठ्या नळीची रायफल ह्या दारांतून अद्यापि आंत येते. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या परिसरांत टी-१ अथवा अवनी ह्या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूंचा आरोप होता. तीं माणसें बहुतेक शेतावर राबणारीं, गुरें चारणारीं. त्यांच्या घरच्यांनीं वाघिणीला माफ करावें असें शहरांत बसून सांगणें सोपें आहे, आणि आम्ही तें सांगणार नाहीं. हुकूम असा होता कीं, आधीं भूल देऊन पकडण्याचा प्रयत्न करावा. तें न साधल्यास मारावें. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती मारली गेली. तिच्या अंगांत भुलीची सुई आढळली. मग वाद सुरू झाला तो रायफलीच्या मापाविषयीं नव्हे. ती सुई गोळीच्या आधीं मारली कीं मागाहून, आणि गोळी लागली त्या क्षणीं वाघीण माणसांवर चालून येत होती कीं पाठ फिरवून जात होती, ह्या दोन गोष्टींविषयीं.